जुन्या जागेवरून मुंगी नाहीशी होते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंग्या संपत चालल्या आहेत असं म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. साखरेचे चार दाणे सांडले तरी तासाभरात रांग लागते, त्या कुठल्या संपायला? पण घरात शिरणाऱ्या मोजक्या जाती वेगळ्या आणि माळावर, रानात, पालापाचोळ्यात राहणाऱ्या हजारो जाती वेगळ्या. या दुसऱ्या गटातल्या कितीतरी मुंग्या आपल्या जुन्या जागांवरून गुपचूप नाहीशा होतायत. जागा मात्र वरवर तशीच दिसते. गुडघे टेकून, भिंग घेऊन मुंग्या बघत बसण्याचा मला नाद आहे, त्यामुळे लोक मला हे प्रश्न हमखास विचारतात.

जगात एवढ्या मुंग्या असताना एखादी जात एका ठिकाणाहून गेली, तर काय मोठंसं बिघडलं?

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवर कोणत्याही क्षणी २० वर पंधरा शून्यं इतक्या मुंग्या असतात. आकडा डोळे दिपवणारा आहे आणि नेमका तोच आपल्याला निर्धास्त करतो. आजवर नोंदल्या गेलेल्या १४,००० हून अधिक जातींमध्ये ही संख्या सारखी वाटलेली नाही. थोड्या जाती अफाट आहेत, बाकीच्या बऱ्याच तुरळक.

तुरळक जातीचं काम दुसरी जात आपसूक उचलेल याची खात्री नसते. सुमारे ११,००० जातींच्या वनस्पती आपलं बी पसरवण्यासाठी मुंग्यांवर अवलंबून आहेत. अशा बीच्या टोकाला एक तेलकट गोळी असते. मुंगी ते बी उचलून बिळात नेते, गोळी खाते आणि उरलेलं बी आत किंवा उकिरड्यावर टाकून देते. बी नीट पुरलं जातं, उंदरांपासून वाचतं. पण हे सगळं व्हायला ते बी पेलणारी, ओढून नेणारी मुंगी तिथे हवी. नुसती कुठलीही मुंगी असून भागत नाही.

‘नामशेष’ आणि ‘स्थानिक पातळीवर नामशेष’ यांत फरक काय?

पहिल्यात जगातली शेवटची वसाहत संपलेली असते. दुसऱ्यात ती एका ठिकाणाहून संपलेली असते, इतरत्र असते. फॉर्मिका प्राटेन्सिस या काळ्या पाठीच्या कुरणमुंगीचं उदाहरण घ्या. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर तिची शेवटची वारुळं डॉर्सेटमधल्या वेअरहॅमजवळ १९८० च्या दशकापर्यंत होती. त्यानंतर ती मिळाली नाही आणि २००५ मध्ये ती तिथून गेल्याचं मान्य केलं गेलं. इंग्लिश खाडीपलीकडच्या चॅनेल बेटांच्या कड्यांवर ती अजून आहे, युरोपात इतरत्रही आहे.

‘मग चिंता कशाची?’ असं इथे लगेच विचारलं जातं. पण जगातून जात संपते ती एका रात्रीत नाही संपत. अशा एकेका माळावरूनच ती संपत जाते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं की बाजूच्या तालुक्यात आहे की अजून.

दुर्मीळ मुंगी म्हणजे किती कमी? हजारभर मुंग्या तर एका वारुळातही असतात.

म्हणूनच मुंग्या मोजायच्या नसतात, वसाहती मोजायच्या असतात. बाहेर फिरताना दिसतात त्या कामकरी माद्या. राणी त्या होत नाहीत. ज्या जातीत एका वारुळात एकच राणी असते, तिथे पाच हजार मुंग्यांचं वारूळ हे वंशवाढीच्या हिशेबात एक मादी धरावं लागतं. एखाद्या माळावर तुम्हाला पन्नास हजार मुंग्या दिसल्या आणि त्या दहा वारुळांतल्या असल्या, तर तिथे दहा माद्या आहेत असं समजा. दहा वाघिणी उरल्या म्हटल्यावर आपण जितके घाबरू, तितकंच इथेही घाबरायला हवं.

जागा तर जशीच्या तशी आहे. झाडं तोडली नाहीत, बांधकाम नाही. मग मुंगी गेली कशी?

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर एका फुलपाखराने दिलं आहे, म्हणून ती गोष्ट सविस्तर सांगतो.

‘लार्ज ब्लू’ नावाचं निळं फुलपाखरू ब्रिटनमध्ये हळूहळू कमी होत गेलं. लोकांना वाटलं, संग्राहक जाळी घेऊन येतात आणि पकडून नेतात. काही जागा राखीव झाल्या, कुंपणं पडली. तरी फुलपाखरू घटतच राहिलं. १९७० च्या दशकात जेरेमी थॉमस या संशोधकाने वर्षानुवर्षं त्याच्या मागावर राहून त्याचं खरं जीवनचक्र उलगडलं. या फुलपाखराची अळी सुरुवातीचे काही आठवडे रानटी ओव्याच्या जातीच्या एका झुडपावर काढते, मग खाली पडते. तिच्या वासाने आणि हालचालीने फसून एक लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजते आणि बिळात उचलून नेते. पुढचे जवळपास दहा महिने अळी त्या बिळात मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. आणि हे फक्त एकाच जातीच्या बिळात नीट जमतं: मिर्मिका साबुलेटी.

आता मुंगीकडे वळू. साबुलेटीला जमीन उबदार लागते. दक्षिणेकडे तोंड केलेला उतार आणि दोन-तीन सेंटिमीटरहून उंच नसलेलं गवत असलं की ऊन थेट मातीपर्यंत पोहोचतं. हे गवत खुडून ठेवत होते ससे. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि ससे अक्षरशः साफ झाले. बऱ्याच ठिकाणी गुरं आणि मेंढ्या चारणंही बंद झालं होतं. गवत वाढलं, मातीवर सावली आली, जमीन दोन-तीन अंशांनी थंड झाली. एवढ्याने साबुलेटी मागे हटली आणि तिच्या जागी थंडावा सोसणारी मिर्मिका स्काब्रिनोडिस आली. दोन्ही मुंग्या लाल, साधारण एकाच मापाच्या. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं. १९७९ मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून गेलं.

माळ तोच, उतार तोच, ओव्याची झुडपंही तिथेच. वाढलं होतं ते फक्त गवत. ज्या कुंपणांनी संग्राहकांना अडवलं, त्यांनी चरणाऱ्या जनावरांनाही अडवलं आणि उलट घात केला. मला ही गोष्ट प्रत्येक वेळी सांगताना वाईट वाटतं, कारण त्या कुंपणांमागे खरी माया होती.

दोन बोटं गवताने मुंगीला एवढा काय फरक पडतो?

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, माळावरचा एखादा चपटा दगड अलगद उचलून बघा. खाली पांढऱ्या शेंगदाण्यासारखे, पण तांदळाच्या कणीएवढे कोष एका बाजूला रचलेले दिसतील. दगडाची ज्या बाजूला ऊन लागतं, नेमकी तीच बाजू. दुपारी तोच दगड उचललात तर कोष नसतात. मुंग्यांनी एकेक उचलून खालच्या थंड खोलीत नेलेले असतात. संध्याकाळी पुन्हा वर. मी एकदा दिवसभर एकाच दगडापाशी बसून हे चार वेळा पाहिलं, आणि तेव्हापासून दगड जसा होता तसाच परत ठेवण्याबद्दल फार काटेकोर झालो.

मुंगीच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पिल्लं किती दिवसांत मोठी होणार, हे मातीच्या ऊबेवर ठरतं. थंड प्रदेशात उन्हाळा आखूड असतो. दोन अंश कमी मिळाले तर नव्या राण्या उडण्याच्या मुदतीत तयारच होत नाहीत. काही जाती यावर उपाय म्हणून स्वतःच घुमट बांधतात. अरुंद डोक्याची मुंगी, फॉर्मिका एक्सेक्टा, गवताच्या काड्यांचे बारीक तुकडे करून फुटबॉलएवढा घुमट उभारते. तिला जवळून पाहिलंत तर डोक्याच्या मागच्या बाजूला खोल खाच दिसते, डोकं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. पण घुमटावर झुडपाची सावली पडली की त्या कष्टाचा उपयोग संपला. इंग्लंडच्या दक्षिण भागात ती पूर्वी अनेक माळांवर होती. आता इंग्लंडमधली तिची शेवटची मूळ जागा डेव्हनमधला चडली नाइटन हीथ हा एकच माळ आहे. स्कॉटलंडच्या पाइनच्या रानांत ती अजून टिकून आहे.

वारूळ दिसतंय, मुंग्याही येजा करतायत. म्हणजे जात सुखरूप ना?

इथेच मोठी फसगत होते. राणी दीर्घायुषी असते. बंदिवासात लासियस नायजर या साध्या काळ्या मुंगीची एक राणी २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. म्हणजे जागा बिघडून दहा-पंधरा वर्षं झाली तरी जुनी राणी अंडी घालत राहते, कामकरी फिरत राहतात, आणि पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. नवी वसाहत मात्र गेल्या कित्येक वर्षांत एकही वसलेली नसते. ज्या गावात फक्त म्हातारी माणसं उरली आहेत अशा गावासारखं ते असतं. मग चार-पाच वर्षांच्या अंतरात एकेक वारूळ बंद पडतं आणि लोक म्हणतात, ‘अचानक गेली.’

म्हणून मी वारुळं किती आहेत यापेक्षा लहान वारुळं किती आहेत हे आधी बघतो.

राण्यांना तर पंख असतात. जागा बिघडली तर उडून दुसरीकडे का जात नाहीत?

उडतात, पण आयुष्यात एकदाच. मिलनाच्या उड्डाणानंतर राणी खाली उतरते, स्वतःचे पंख तोडून टाकते आणि जिथे उतरली तिथेच नशीब आजमावते. बहुतेक राण्या पहिल्या काही दिवसांतच मरतात: पक्षी, कोळी, दुसऱ्या मुंग्या, कोरडी माती. योग्य जागा शंभर मीटरवर असेल तर एखादी पोहोचेल. मध्ये वीस किलोमीटर शेतं आणि रस्ते असले तर कोण पोहोचणार?

त्यात काही जातींची अट आणखी कडक असते. फॉर्मिका एक्सेक्टाची किंवा मोठ्या लाल रानमुंगीची, फॉर्मिका रुफाची, एकटी राणी स्वतःच्या बळावर संसार थाटू शकत नाही. तिला फॉर्मिका फुस्कासारख्या दुसऱ्या जातीच्या वारुळात शिरून, तिथल्या राणीची जागा घेऊन, परक्या कामकऱ्यांकडून आपली पहिली पिल्लं वाढवून घ्यावी लागतात. म्हणजे एक दुर्मीळ मुंगी टिकवायची तर दुसरी साधी मुंगीही मुबलक हवी.

आणि काही राण्यांना पंखच नसतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली एसिटन बर्चेली ही लष्करी मुंगी वसाहतीचे दोन भाग करून वाढते. राणी चालत जाते. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ १९७९ पासून जंगलाच्या तुटक तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. तिथे लहान तुकड्यांतून या मुंग्या गेल्या, कारण एका वसाहतीला पोट भरायला तेवढं रानच उरलं नाही आणि मोकळं कुरण ओलांडून परत यायचीही सोय नव्हती. त्यांच्या मागोमाग त्यांच्या धाडीतून उडालेले किडे टिपणारे पक्षीही गेले.

बाहेरून आलेल्या मुंग्यांचा यात किती हात आहे?

फार मोठा. माझ्या मते जमीन बदलण्याच्या खालोखाल हेच कारण आहे, आणि बेटांवर तर कदाचित तेच पहिलं.

अर्जेंटाइन मुंगी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या खोऱ्यातली. जहाजांतून, मालातून ती जगभर गेली. तिच्या मूळ मुलखात तिची वारुळं एकमेकांशी भांडतात. बाहेर मात्र शेजारच्या वारुळाला ती परकं मानत नाही, त्यामुळे सगळी ताकद स्थानिक मुंग्यांवर खर्च होते. इटलीपासून स्पेनच्या वायव्य टोकापर्यंत तिची सुमारे ६,००० किलोमीटर लांबीची एकच महावसाहत पसरली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनबॉस झुडपी रानात तिने बी वाहणाऱ्या स्थानिक मुंग्यांना हुसकावलं. स्वतः ती बीवरची गोळी जागेवरच कुरतडते, बी पुरत नाही. १९८४ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की अशा ठिकाणी मिमेटिस नावाच्या झुडपाची रोपं फारच कमी उगवतात.

केनियातल्या लायकिपियाची गोष्ट याहूनही लांब जाते. तिथल्या बाभळीच्या एका जातीवर क्रेमॅटोगास्टर मुंग्या राहतात आणि हत्तीने फांदीला सोंड लावली की त्याला चावून हाकलतात. मोठ्या डोक्याची परदेशी मुंगी आली, तिने या राखणदार मुंग्या मारल्या. हत्तींनी बाभळी मोडल्या, आडोसा कमी झाला, सिंहांना झेब्रा गाठणं अवघड झालं आणि ते रानम्हशींकडे वळले. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा पुष्कळांना अतिशयोक्ती वाटली. मला वाटली नाही. मुंगी काढली की काय काय सुटतं, हे आपण आत्ता कुठे बघायला लागलोय.

औषध फवारून परक्या मुंग्या मारता येत नाहीत का?

अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत १९६० आणि ७० च्या दशकांत दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, जळजळीत डंख करणाऱ्या आगमुंगीविरुद्ध विमानांतून मायरेक्स हे विष लावलेलं आमिष टाकलं गेलं. स्थानिक मुंग्याही मेल्या. मोकळ्या झालेल्या जमिनीवर सगळ्यात आधी परतली ती आगमुंगीच. छोट्या, नुकत्याच लागण झालेल्या जागी नेमकं आमिष काम करतं. सरसकट फवारणी दुर्मीळ मुंगीच्याच मुळावर येते.

फार थोडी वारुळं उरली की जवळच्या नात्यातल्या मिलनामुळेही नुकसान होतं का?

होतं. मुंग्यांमध्ये नर बिनफलित अंड्यातून जन्मतो, मादी फलित अंड्यातून. पण अनेक जातींत लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या निघाल्या तर फलित अंड्यातूनही नर होतो, आणि असा नर बहुधा निरुपयोगी. जवळच्या नात्यात मिलन होत राहिलं की असे नर वाढतात आणि कामकऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात. फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या छोट्या बेटांवर फॉर्मिका एक्सेक्टाचा दीर्घ अभ्यास झाला आहे, आणि नात्यातल्या मिलनाचे दुष्परिणाम तिथे स्पष्ट दिसले आहेत.

शोधून सापडली नाही, म्हणजे गेलीच का?

मुळीच नाही, आणि घाईने ‘गेली’ म्हणणंही धोक्याचं असतं. मग त्या जागेला वाली राहत नाही.

ऑस्ट्रेलियातली नोथोमिर्मेशिया मॅक्रॉप्स ही अतिप्राचीन वळणाची मुंगी १९३१ मधल्या एका सफरीत मिळाली, १९३४ मध्ये तिचं वर्णन छापून आलं. त्यानंतर जगभरातले जाणकार त्या भागात जाऊन रिकाम्या हाताने परतले. १९७७ मध्ये रॉबर्ट टेलर आणि त्यांचे सहकारी पूचेरा नावाच्या गावाजवळ मुक्कामाला थांबले असताना ती सापडली, मूळ जागेपासून जवळपास १,३०० किलोमीटर दूर. तीही थंडगार रात्री. ही मुंगी गारठ्यातच बाहेर पडते, जेव्हा इतर किडे सुस्तावलेले असतात आणि सहज हाती लागतात. उन्हात शोधणाऱ्यांना ती दिसणार कशी?

उलटं उदाहरण श्रीलंकेचं. अ‍ॅन्युरेटस सिमोनी ही तिच्या संपूर्ण उपकुळातली एकमेव जिवंत जात. १८९३ मध्ये तिचं वर्णन झालं ते कँडी-पेरादेनिया परिसरातल्या नमुन्यांवरून. १९५५ मध्ये मुंग्यांचे अमेरिकन अभ्यासक ई. ओ. विल्सन तिला शोधायला गेले, तर कँडीच्या रानात ती मिळाली नाही. रत्नपुऱ्याच्या बाजूला मिळाली. जिथून जगाला तिची ओळख झाली, तिथूनच ती दिसेनाशी झाली होती.

म्हणून नीट शोध म्हणजे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पद्धतींनी शोध. जमिनीत काठापर्यंत पुरलेले पेले, आमिषाचे ठिपके, रात्रीचा टॉर्च, आणि पालापाचोळ्यासाठी विंकलरची पिशवी: चाळलेला पाला कापडी पिशवीत टांगून ठेवायचा, तो वाळत गेला की आतल्या मुंग्या ओलावा शोधत खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. दोन मिलिमीटरच्या मुंग्या याशिवाय सहसा हाती लागत नाहीत.

धोक्यातल्या मुंग्यांची जागतिक यादी आहे ना? त्यात नसलेली जात सुरक्षित समजायची का?

नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत मुंग्यांच्या दीडशेच्या आसपासच जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं मूल्यमापन १९९६ सालचं आहे. १४,००० पैकी बाकीच्यांकडे कुणी बघितलेलंच नाही.

गेलेली मुंगी परत आणता येते का?

येते, पण जागा आधी दुरुस्त करावी लागते. निळ्या फुलपाखराच्या बाबतीत हेच केलं: आधी चराई सुरू करून गवत खाली आणलं, साबुलेटी वाढू दिली, मग १९८० च्या दशकात स्वीडनहून फुलपाखरू आणलं. ते टिकलं.

फॉर्मिका रुफिबार्बिस ही लाल छातीची मुंगी इंग्लंडच्या मुख्य भूमीवर सरे परगण्यातल्या एका माळापुरती उरली होती. तिच्यासाठी सिली बेटांवरच्या राण्यांपासून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वसाहती वाढवून सरेच्या माळावर सोडल्या गेल्या. अडचण अशी की तिथे फॉर्मिका सांग्विनिया ही धाडी घालून दुसऱ्यांची पिल्लं पळवणारी मुंगीही राहते, आणि रुफिबार्बिस तिचं आवडतं सावज. राणी आणली, जागा साफ केली, तरी शेजारी कोण आहे ते बघावंच लागतं. घाईचं हे काम नाही.

लहानपणी दिसायची ती मुंगी आता दिसत नाही. मी काय करू?

आधी त्या जागी परत जा, आणि त्याच हंगामात, त्याच वेळेला जा. दिसली नाही तर तेही लिहून ठेवा: तारीख, वेळ, ऊन होतं की ढग, गवत घोट्यापर्यंत होतं की गुडघ्यापर्यंत, कोणत्या दुसऱ्या मुंग्या दिसल्या. ‘नाही दिसली’ ही नोंद फार कमी लोक करतात, म्हणूनच पुढच्या अभ्यासकाला ती कधी गेली हे कळत नाही.

फोटो वरून, बाजूने आणि डोक्याच्या समोरून असे तीन काढा. मुंगीची जात ओळखायला कंबरेचे मणी आणि डोक्याचा आकार दिसावा लागतो. वारूळ उकरू नका. थोडी वारुळं उरलेल्या जागी एक राणी मेली तरी भरून येत नाही. दगड उचललात तर ज्या खाचेतून उचलला त्याच खाचेत, त्याच तोंडाने परत ठेवा.